कमरेच्या रिव्हॉल्व्हरचा गंज आणि त्याला द्यायची नवी काळी झळाळी

पावसाळा सरता सरता माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ०.३२ बोअरचे एक रिव्हॉल्व्हर आले. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत घडलेले, नळी पुढे मोडून उघडणारे, सहा काडतुसांचे. मालक बीड जिल्ह्यातले शेतकरी असून आडतीचा व्यवहार करतात आणि रोख रक्कम घेऊन प्रवास करावा लागतो म्हणून त्यांनी परवाना घेतलेला आहे. शस्त्र वर्षानुवर्षे उजव्या कमरेला कातडी म्यानात राहिल्याने नळीच्या टोकाचा आणि काडतुसे धरणाऱ्या फिरत्या चक्राच्या कडांचा काळा रंग उडून खालचे पांढरे पोलाद उघडे पडले होते. चक्रावर मात्र एक तांबूस डाग होता. मी तो भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात अंगठ्याच्या रेषा स्वच्छ दिसल्या. घामेजल्या हाताने धरलेले शस्त्र तसेच म्यानात गेले, निवडणुकीच्या आचारसंहितेत म्यानासकट पोलीस ठाण्यात जमा झाले आणि जिथे जिथे घामाचे मीठ लागले होते, तिथे तिथे गंजाने त्या रेषा हुबेहूब कोरून ठेवल्या. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकाच वर्षात झाल्या, त्यामुळे अशी शस्त्रे माझ्याकडे नेहमीपेक्षा अधिक आली.

अशा वेळी मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘याला रंग मारून मिळेल का?’ या प्रश्नातच खरी अडचण आहे, कारण बंदुकीवरचा काळसर निळा थर हा रंग नव्हे. तो लोखंडाच्याच ऑक्साइडचा थर असतो. तांबडा गंज हाही लोखंडाचा ऑक्साइडच, पण तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचे पोलाद खात जातो. काळा ऑक्साइड त्या मानाने घट्ट असतो, पोलादाला चिकटून राहतो आणि तेल धरून ठेवतो. संरक्षण खरे तर त्या तेलाचे असते, काळा थर त्याला जागा देतो. ही गोष्ट ध्यानात आली की गंज काढताना काय वाचवायचे आहे आणि नवा थर कशाच्या जोरावर टिकणार आहे, हे दोन्ही आपोआप कळते.

कामाला हात घालण्यापूर्वी कायद्याची मर्यादा समजून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्रांची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. म्हणून घरी फक्त साफसफाई करावी, वरवरचा गंज काढावा आणि तेल द्यावे. पोलाद घासून नवा थर चढवण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा कोणतेही ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि गंज काढण्याच्या भरात घासलेला क्रमांक हा पुढे मालकाच्याच गळ्याशी येतो. शस्त्र दुकानात नेताना ते रिकामे करून न्यावे, मूळ परवाना जवळ ठेवावा, आणि सोपवताना शस्त्राचा क्रमांक लिहिलेली, तारखेची व सहीची पावती घ्यावी. पावतीशिवाय एक रात्रसुद्धा शस्त्र ठेवून येऊ नये.

साफसफाईची सुरुवात शस्त्र रिकामे करण्यापासून होते. नळी निर्धोक दिशेला ठेवून ती पुढे झुकवून उघडावी, सहाही काडतुसे बाहेर काढून मोजावीत आणि दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. त्यानंतर चक्राच्या प्रत्येक घरात करंगळीचे टोक घालून ते खरोखर रिकामे असल्याची खात्री करावी, कारण गंजलेल्या घरात अडकलेले काडतूस नुसत्या नजरेला चुकू शकते. हे करताना घरातली मुले आसपास नसावीत आणि दुसरे कोणी बोलण्यात गुंतवत असेल तर काम थांबवावे.

पुढे मुठीच्या दोन्ही फळ्या काढाव्यात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. अरुंद पात्याने खाच फाटते आणि फाटलेल्या खाचेचा स्क्रू पाहिला की कारागिराला पुढचे सगळे समजते. मुठीखालचा भाग पाहण्याचे धैर्य मात्र ठेवावे लागते. वरून ठीकठाक दिसणाऱ्या शस्त्राच्या फळ्या काढल्यावर आत गव्हावरच्या तांबेऱ्यासारखी पूड साठलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे, कारण तळहाताचा घाम फटीतून आत उतरतो आणि तिथे कापड कधी पोहोचत नाही. घोडा, चाप आणि आतल्या स्प्रिंगा मात्र घरी उघडू नयेत. त्या पुन्हा जुळवताना झालेली चूक डोळ्यांना दिसत नाही, ती चाप ओढल्यावरच कळते.

आता गंज कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. पांढऱ्या कापडावर तेलाचे दोन थेंब घेऊन डागावर फिरवावेत. कापड तांबडे होऊन खाली काळा थर तसाच दिसला, तर गंज वरवरचा आहे आणि शस्त्र घरच्या घरी सुधारते. नख फिरवल्यावर खड्डा जाणवला, तर गंज पोलादात उतरला आहे. असा खड्डा चौकटीच्या जाड भागावर असेल तर तो केवळ दिसण्याचा दोष आहे. चक्राच्या भिंतीवर असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण चक्र जागेवर अडवणाऱ्या बाहेरच्या खाचांखाली पोलाद आधीच फार पातळ असते आणि स्फोटाचा दाब त्याच भिंतीवर येतो. काडतुसांच्या घरात किंवा नळीच्या पीळदार खाचांत खोल खड्डे असतील, तर जाणत्या कारागिराने तपासून दिल्याशिवाय त्या शस्त्रातून गोळी झाडू नये. झळाळी देण्याचा विचार त्यानंतरचा.

वरवरच्या गंजासाठी फारशी सामग्री लागत नाही. पातळ खनिज तेल, जुने सुती धोतर किंवा बनियनचे कापड, चार शून्यांचे अतिबारीक स्टील वूल आणि तांब्याची एक पट्टी एवढे पुरे. पट्टी विकत आणण्याची गरज नाही. विजेच्या जाड तारेचा तुकडा हातोडीने चपटा केला तरी काम भागते. तांबे पोलादाहून मऊ असल्यामुळे ते गंजाचे खवले उचलते, पण पोलादावर ओरखडा पाडत नाही. प्रथम गंजलेल्या जागी तेल लावून शस्त्र एक दिवस सुरक्षित कुलपात ठेवावे. तेल गंजाच्या छिद्रांत मुरते आणि खवले सैल होतात. दुसऱ्या दिवशी जाड खवले पट्टीने हळूच उचलावेत, मग पुन्हा तेल देऊन स्टील वूल अगदी हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावे आणि दर दोन मिनिटांनी पुसून पाहावे. कापडावर तांबडे येत आहे तोवर चालू ठेवावे. तांबड्याऐवजी काळे येऊ लागले की त्याच क्षणी हात थांबवावा, कारण आता गंज नव्हे तर मूळ थर निघत आहे. क्रमांकावर आणि कारखान्याच्या शिक्क्यावर स्टील वूलही फिरवू नये. तिथे तेलात भिजवलेला मऊ दात घासायचा ब्रश वापरावा. भांडी घासायची तारेची घासणी तर जवळही आणू नये, तिचे ओरखडे कायमचे राहतात.

घरगुती उपायांविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि लिंबाने लख्ख करण्याची रीत आहे, विळी-कोयत्याला वीटकर लावतात, आणि तेच ज्ञान लोक शस्त्रावर वापरतात. चिंच आणि लिंबू आम्लधर्मी असल्याने गंजाबरोबर काळा ऑक्साइडही विरघळतो व राखाडी ठिपके उरतात. मोटारसायकलीच्या दुकानात मिळणारे गंज काढायचे द्रावणही बहुधा आम्लाचेच असते आणि त्याचाही परिणाम हाच. शिवाय आम्ल फटीतून आत शिरले तर कडक पोलादाच्या स्प्रिंगा ठिसूळ होऊ शकतात. वीटकर ही तर सरळ घासणारी माती आहे. रॉकेलने जुने चिकट तेल चांगले निघते, पण ते उडून गेल्यावर मागे संरक्षण काही उरत नाही, म्हणून रॉकेल वापरल्यास त्याच बैठकीत तेल दिलेच पाहिजे.

तेलाच्या बाबतीत तर मराठवाड्यातली एक खास चूक आहे. करडई हे आपले पीक, करडईचे तेल घरात असतेच, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून लोक तेच बंदुकीला लावतात. करडईचे तेल हवेत वाळणारे तेल आहे. उघड्यावर त्याचा पातळ थर काही आठवड्यांत चिकट होतो आणि पुढे वार्निशासारखा घट्ट बसतो. असे शस्त्र माझ्याकडे येते तेव्हा चक्र हाताने फिरत नाही आणि चाप अडखळतो. खोबरेल तेल हिवाळ्यात थिजते, तेही नको. बंदुकीचे तेल मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चालते. तेल दिल्यावर काडतुसांची घरे आणि नळीची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, कारण साचलेले तेल काडतुसाच्या टोपीत शिरून दारू निकामी करू शकते.

काळा थर बराचसा शाबूत असेल तर काम इथेच संपते, आणि नवी झळाळी देण्याच्या मोहात पडू नये असाच सल्ला मी देतो. झिजलेल्या कडा हा दोष नाही. निजामाच्या काळापासून घरात चालत आलेली जुनी वेब्ली, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या नावाच्या कंपनीची रिव्हॉल्व्हर, कोणी आणली, तर मी ती फक्त स्वच्छ करून परत देतो, कारण मूळ थर गेला की तिचे मोलही गेले. मात्र थर निम्म्याहून अधिक उडाला असेल, उघडे पोलाद दर पावसाळ्यात गंजत असेल आणि शस्त्र रोजच्या वापरातले असेल, तर जुना थर पूर्ण उतरवून पुन्हा ब्लूइंग करणे, म्हणजे पोलादावर काळसर निळा ऑक्साइड नव्याने चढवणे, योग्य ठरते.

हे काम कारागीर कसे करतो, हे मालकाला माहीत असावे, म्हणजे चांगले काम कोणते आणि धूळफेक कोणती हे त्याला ओळखता येईल. सर्वांत मोठा भाग तयारीचा असतो. माझ्या उमेदवारीच्या काळात, छत्रपती संभाजीनगरात शिकत असताना, मी एका रिव्हॉल्व्हरची चौकट लवकर चमकावी म्हणून विजेच्या बफवर, म्हणजे चमक आणणाऱ्या फिरत्या चाकावर, धरली होती. पोलाद आरशासारखे झाले, पण सपाट बाजूंच्या धारदार कडा गोल झाल्या आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खोलगट आले. सुदैवाने क्रमांक त्या बाजूला नव्हता. उस्तादांनी ते शस्त्र माझ्या हातातून काढून घेतले आणि पुढचे तीन महिने मला लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून फक्त हाताने घासायला बसवले. तेव्हापासून मी सपाट पृष्ठभाग ठोकळ्याशिवाय घासत नाही. २२० नंबरपासून सुरू करून ३२० किंवा ४०० वर थांबतो, आणि क्रमांकाभोवती अर्धा इंच जागा सोडून तिथे फक्त जुना थर हलकेच उतरवतो. खड्डे पूर्ण जाईपर्यंत पोलाद घासणाऱ्या कारागिरापासून सावध राहावे. थोडे खड्डे राहिलेले परवडतात, चक्राची भिंत पातळ झालेली परवडत नाही.

माझ्या मते रोजच्या शस्त्राला सर्वांत टिकाऊ झळाळी सावकाश गंजवून दिलेल्या ब्लूइंगची. तिची रीत ऐकून लोक चकित होतात, कारण त्यात शस्त्रावर मुद्दाम गंज चढवला जातो. सुटे केलेले भाग प्रथम उकळून पूर्ण तेलमुक्त करतात, आणि त्यानंतर उघड्या हाताने त्यांना स्पर्शही करायचा नसतो, हातमोजेच हवेत; एका बोटाचा तेलकटपणा लागला तरी तिथे थर धरत नाही. नळीच्या दोन्ही टोकांत लाकडी बूच बसवून आतली बाजू वाचवतात. मग आम्लात लोखंड विरघळवून केलेले द्रावण कापसाच्या बोळ्याने, बोळा जेमतेम ओलसर ठेवून, एका दिशेने एकदाच लावतात. बोळा ठिबकला की तांबडा ओघळ उमटतो आणि सगळे पुन्हा घासावे लागते. द्रावण लावलेले भाग दमट पेटीत काही तास टांगले की त्यांवर बारीक, मखमलीसारखा तांबडा गंज येतो.

इथे आपल्या हवेचा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४० अंशांच्या पुढे असताना, मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी असते की गंज ठिपक्याठिपक्यांनी येतो, म्हणून पेटीत गरम पाण्याचे भांडे ठेवून दमटपणा सांभाळावा लागतो. श्रावणात तीच पेटी उघडी ठेवली तरी चालते, उलट गंज हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेळ कमी करावी लागते. गंज सारखा आला की भाग उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवतात, आणि डोळ्यांदेखत तो तांबडा थर काळा होतो. ज्या ऑक्साइडने पोलाद खाल्ले असते, तेच आता त्याचे आवरण बनते. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, तरी पाण्यातून पहिला भाग बाहेर काढताना अजूनही क्षणभर थांबून पाहतो.

पाणी कोणते, हा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की भाग वाळल्यावर त्यावर पांढरे डाग उमटतात आणि थर एकसारखा बसत नाही. सुरुवातीला मला याचे कारण कळत नव्हते आणि मी द्रावणालाच दोष देत राहिलो. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी वापरू लागल्यापासून ही अडचण गेली. उकळल्यानंतर वर आलेली सैल काळी पूड तेलमुक्त केलेल्या बारीक स्टील वूलने हलकेच झाडतात आणि पुन्हा द्रावण, पेटी, उकळ, झाडणे, असे सहा ते आठ फेरे होतात. पहिल्या फेरीनंतर रंग राखाडी दिसतो, तिसऱ्या-चौथ्यात गडद होतो आणि शेवटी निळसर झाक असलेला मऊ काळा येतो. सरतेशेवटी उरलेले आम्ल मारण्यासाठी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, भाग गरम असतानाच तेलात बुडवतात. हे काम दोन दिवसांत होत नाही. आज देतो, उद्या न्या असे म्हणणारा कारागीर ही रीत वापरत नाही, एवढे समजावे.

झटपट काम दुसऱ्या दोन रीतींनी होते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश तापमानाच्या द्रावणात बुडवून केलेले ब्लूइंग चमकदार दिसते आणि कारखान्यांत तेच करतात, मात्र ते डाख सोडवते. म्हणून शेतकऱ्यांकडे असणाऱ्या दुनळी बंदुकीच्या, डाखाने जोडलेल्या नळ्या त्या द्रावणात कधीही घालू देऊ नयेत. थंड ब्लूइंगचे बाटलीतले द्रावण लहान ओरखडा झाकायला ठीक आहे, पण त्याचा थर पातळ असतो आणि कमरेला घासून लवकर जातो. त्यातली सेलेनियमची संयुगे विषारी असतात. गॅरेजमधला फवारलेला रंग तर गंजावर चादर टाकण्यासारखा आहे, त्याखाली गंज शांतपणे चालू राहतो. आणखी एक खबरदारी म्हणजे धातू आधी ओळखणे. २०१४ साली कानपूरहून आलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरसारख्या टिटॅनियमच्या मिश्रधातूवर, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर किंवा निकेलचा मुलामा असलेल्या शस्त्रावर यांतली कोणतीही ब्लूइंगची रीत लागू पडत नाही.

मूठ लाकडी असेल तर तिला त्याच वेळी ताजी करून घ्यावी. जुना मळ काढून, उकळलेल्या जवस तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकाला वाळायला पुरेसा वेळ देऊन, दिले की लाकडात घाम सहजी मुरत नाही. जे वाळणे पोलादावर घातक ठरते, तेच लाकडावर उपयोगी पडते.

नवी झळाळी देऊन शस्त्र जुन्याच म्यानात घातले तर सगळे श्रम वाया जातात. कमावलेल्या कातड्यात ओल आणि आम्ल दोन्ही राहतात. पट्ट्यात खोचलेल्या पितळी काडतुसांवर जो हिरवा थर येतो, तो त्याचाच पुरावा आहे. म्यान फक्त कमरेला लावण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नाही. घरी आल्यावर शस्त्र बाहेर काढून, रिकामे करून, कोरड्या कापडाने घाम पुसावा, किंचित तेलकट कापड एकदा फिरवावे आणि कुलपाच्या लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करून परत वापरता येतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची वेळ आली तर म्यान घरी ठेवावे आणि शस्त्राला तेलाचा जरा सढळ हात देऊन, सुती कापडात गुंडाळून द्यावे. परत मिळाल्यावर त्याच दिवशी उघडून पाहावे.

त्या बीडच्या रिव्हॉल्व्हरवरचा अंगठ्याचा ठसा गंजासकट निघाला, पण भिंगातून पाहिले तर दोन-तीन रेषांचे बारीक खड्डे नव्या काळ्या थराखाली अजून दिसतात. ते घालवण्यासाठी चक्राचे पोलाद घासणे मी नाकारले आणि मालकांनाही ते पटले. आता ते दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, मुठीच्या फळ्या काढून आत पाहतात.